पॉलिमरच्या पेटंट अर्जावर तपासणी अहवाल आला: उत्तर कोणत्या क्रमाने तयार करायचे

पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, हातात पडला की बहुतेक अर्जदार थेट उत्तर लिहायला बसतात. 'डी१ मध्ये हे नाही, डी२ मध्ये ते नाही' अशी दहा पाने भरतात. (डी१, डी२ म्हणजे अहवालात अर्जाविरुद्ध दाखवलेले आधीचे दाखले.) प्रयोगशाळेला कोणी विचारत नाही. सुनावणी होते आणि क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी वाक्ये, नामंजूर होतात. पॉलिमरमध्ये हे जास्त घडते, कारण इथे नवा रेणू क्वचित असतो. मोनोमर जुने, मिश्रण जुने, नवा असतो तो एखादा आकडा किंवा कृतीतला एखादा बदल. असा वाद मोजमापाने मिटतो, विशेषणांनी नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: तारखा, वाचन, हिशेब, मोजमाप, क्लेम, आणि युक्तिवाद सर्वांत शेवटी. पुढचे सगळे भारतातल्या पेटंट कायदा, १९७० खालच्या अर्जांना धरून आहे.

समजायला एक काल्पनिक अर्ज घेऊ. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून कंपोस्टेबल पिशवी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्याच फिल्मचा हा अर्ज. क्लेम १: वजनाने ६०–७५ टक्के पीएलए, २०–३५ टक्के पीबीएटी, ०.२–१.० टक्के इपॉक्सी गटांचा चेन एक्स्टेंडर आणि ०–१० टक्के टाल्क असलेले मिश्रण, जे आधी पीबीएटी आणि चेन एक्स्टेंडर एकत्र वितळवून व नंतर त्यात पीएलए मिसळून मिळते. (पीएलए आणि पीबीएटी हे कंपोस्ट होणारे दोन पॉलिमर, चेन एक्स्टेंडर म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या जोडणारा पदार्थ, टाल्क ही खनिजाची भुकटी.) क्लेम ८ त्या मिश्रणाच्या फिल्मचा. क्लेम ९ 'पिशव्यांसाठी उपयोग'. आणि अहवालात यातले सगळे क्लेम नाकारलेले.

## आधी टेबलावर काय हवे

दाखल झालेले मूळ स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे वर्णन आणि क्लेम असलेला दस्तऐवज हवा, तोही कार्यालयाच्या नोंदीतला. संगणकातली 'फायनल_२' नावाची फाइल चालणार नाही. दोन्हींत एका टिंबाचा फरक निघाला तरी पुढे घोळ होतो.

प्रयोगवही हवी: बॅच क्रमांक, कच्च्या मालाचे ग्रेड, वाळवणीचा वेळ आणि तापमान, एक्स्ट्रूडरच्या (वितळवून मिसळणाऱ्या यंत्राच्या) झोनची तापमाने, स्क्रूचा वेग, फिल्मची जाडी. चाचणी अहवालांच्या सोबत मूळ आलेखही हवेत, जीपीसी (रेणुभाराची चाचणी) आणि डीएससी (तापवताना होणाऱ्या बदलांची चाचणी) यांचे विशेषतः.

उरलेले नमुने कपाटात असतील तर ठेवा, पण त्यांच्यावर विसंबू नका. पीएलए साध्या तापमानालाही हळूहळू ठिसूळ होत जाते. दोन वर्षांपूर्वीची फिल्म आज मोजून आलेला आकडा मूळ आकड्याशी जुळवायला गेलात, तर स्वतःच्याच स्पेसिफिकेशनविरुद्ध पुरावा तयार कराल.

शेवटी, संशोधकांनी अर्जापूर्वी जे जे प्रसिद्ध केले त्याची यादी. परिषदेतले पोस्टर, शोधनिबंध, शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढवलेला प्रबंध, सगळे. स्वतःचा प्रबंधही पूर्वज्ञानात, म्हणजे अर्जापूर्वीच जगाला माहीत असलेल्यात, मोजला जातो. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत ठरावीक प्रदर्शने आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले निबंध यांच्यासारख्या मोजक्या प्रकारांनाच आहे. 'आमचेच तर आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

## टप्पा १: तारखा भिंतीवर लावा

उत्तराची मुदत सहा महिने. ती अहवाल जारी झाल्याच्या तारखेपासून मोजतात. तुम्ही ईमेल कधी उघडला याला महत्त्व नाही. नियम २४बी प्रमाणे आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदतवाढ मिळते. त्यासाठीचा फॉर्म ४ मूळ सहा महिने संपण्यापूर्वी भरावा लागतो.

सावधान: फॉर्म ३ ची मुदत वेगळी आहे. परदेशातल्या तशाच अर्जांची माहिती देणारा हा फॉर्म २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर पहिला अहवाल जारी झाल्यापासून तीन महिन्यांत अद्ययावत करून द्यावा लागतो. 'उत्तराबरोबरच देऊ' असे ठरवणारे इथे हमखास अडकतात.

मुदत चुकली तर अर्ज 'नामंजूर' होत नाही, कलम २१(१) खाली 'सोडून दिलेला' मानला जातो. नामंजुरीवर अपील करता येते. सोडून दिलेल्या अर्जाला अपिलाची वाट नाही; उच्च न्यायालयात रिट करावी लागते आणि मुदत का चुकली ते पटवावे लागते.

आता प्रयोगशाळेचे वेळापत्रक या तारखांवर उलटे मांडा. टिअर स्ट्रेंथची, म्हणजे फाटण्याला होणाऱ्या विरोधाची, चाचणी आठवड्यात होईल. पण तुमचा मुद्दा जैवविघटनाच्या वेगावर उभा असेल, तर कंपोस्टिंगची चाचणी १८० दिवसांपर्यंत चालू शकते. म्हणजे ती अहवाल आल्याच्या आठवड्यातच सुरू व्हायला हवी. एरवी एखाद्या लवकर मोजता येणाऱ्या गुणधर्मावर मुद्दा उभा करावा लागेल.

## टप्पा २: अहवाल फोडून वाचा

अहवालाचे चार भाग असतात: सारांश, तांत्रिक तपशील, औपचारिक बाबी आणि नोंदीवरची कागदपत्रे. सारांशाच्या तक्त्यात 'नावीन्य: नाही' असे पाहून लोक हबकतात. तो तक्ता बाजूला ठेवा, दुसरा भाग घ्या. प्रत्येक आक्षेपासाठी एक ओळ करा: कोणते कलम, कोणते क्लेम, कोणता दाखला, त्यातला नेमका कोणता परिच्छेद.

पॉलिमरच्या अहवालात सहसा हे आक्षेप दिसतात:

- नावीन्य नाही: एकाच दाखल्यात सगळे घटक सापडले.
- इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, कलम २(१)(जेए): डी१ आणि डी२ एकत्र केले की तज्ज्ञाला हे सुचलेच असते.
- कलम ३(ई): नुसते मिश्रण, घटकांच्या गुणांची फक्त बेरीज.
- कलम ३(डी): ज्ञात पदार्थाचे नवे रूप, किंवा ज्ञात पदार्थाचा नवा उपयोग.
- कलम १०(५): क्लेम स्पष्ट नाहीत, किंवा वर्णनाचा आधार नाही, किंवा एकाहून जास्त शोध आहेत.

कायटिन, अल्जिनेट, स्टार्च असे निसर्गातले पॉलिमर असतील तर कलम ३(सी) सुद्धा येते. जैविक सामग्रीचा उगम आणि भौगोलिक ठिकाण स्पेसिफिकेशनमध्ये सांगावे लागते. शिवाय जैवविविधता कायद्याच्या कलम ६ प्रमाणे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची औपचारिकता पेटंट मंजूर होण्यापूर्वी पुरी व्हायला हवी. कोकणातल्या कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान काढणाऱ्याने हे काम आजच सुरू करावे. या कामाला वेळ लागतो, आणि बाकी सगळे जिंकूनही मंजुरी याच कागदासाठी अडून राहते.

तपासा: एकाच क्लेमवर नावीन्याचा आणि ३(ई) चा असे दोन्ही आक्षेप आहेत का? असतील तर उत्तरे वेगळी द्या. 'वर सांगितल्याप्रमाणे' लिहून ३(ई) उडवून लावले, तर कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारा अधिकारी, तेवढ्यावरच नामंजुरी लिहू शकतो.

## टप्पा ३: दाखल्यांचा हिशेब

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश चला.

पहिल्यांदा तारीख. दाखला तुमच्या अग्रक्रम तारखेपूर्वी, म्हणजे या शोधाचा पहिला अर्ज केल्याच्या तारखेपूर्वी, प्रसिद्ध झाला होता का? नंतर प्रसिद्ध झालेला, पण आधीची तारीख असलेला भारतीय अर्ज असेल तर तो कलम १३(१)(बी) खाली येतो. तिथे प्रश्न त्याच्या क्लेमचा असतो, त्याच्या सगळ्या वर्णनाचा नव्हे.

मग पूर्ण मजकूर मिळवा. पॉलिमरच्या क्षेत्रात चिनी दाखले भरपूर येतात आणि अहवालात बहुधा यंत्राने केलेल्या भाषांतराचा उल्लेख असतो. गोषवारा वाचून उत्तर देऊ नका. खरा ऐवज उदाहरणांत असतो.

आणि आता एकक. समजा, डी१ च्या उदाहरण ३ मध्ये आहे: पीएलए १०० भाग, पीबीएटी ४० भाग, चेन एक्स्टेंडर १ भाग. घाईतला अर्जदार लिहितो: 'डी१ मध्ये पीबीएटी ४० आहे, आमची मर्यादा ३५ पर्यंतच आहे, म्हणून आमचा शोध नवीन.' पण हे वजनी भाग आहेत, टक्के नव्हेत. एकूण १४१ भाग. टक्के काढा: पीएलए ७०.९, पीबीएटी २८.४, चेन एक्स्टेंडर ०.७१. आपल्या क्लेममध्ये टाल्क शून्यही चालते. म्हणजे डी१ चे मिश्रण आपल्या तिन्ही मर्यादांच्या आत जाऊन बसले. ४० भागांचा मुद्दा उत्तरात गेला असता, तर सुनावणीत पाच मिनिटांत पडला असता आणि त्यानंतरच्या प्रत्येक वाक्याकडे कंट्रोलरने संशयाने पाहिले असते.

रबरवाल्यांना ही सवय असते, कारण त्यांचे सगळे शंभर भाग रबरामागे मोजलेले असते. प्लास्टिकवाले फसतात. हीच काळजी मोल टक्के आणि वजन टक्के यांच्यात घ्या. कोपॉलिमरमध्ये दोन मोनोमरच्या रेणुभारांत मोठा फरक असेल, तर दोन्ही आकडे एकमेकांपासून बरेच लांब जातात.

सगळे दाखले एकाच एककात आणून तक्ता करा. आडवे रकाने: घटक, प्रमाण, मिसळण्याचा क्रम, तापमान, मोजलेले गुणधर्म आणि मोजण्याची पद्धत. रिकामा चौकोन दिसला की लगेच खूश होऊ नका. पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

तपासा: तक्ता पूर्ण झाल्यावर स्वतःला विचारा: क्लेम १ मधली अशी एक गोष्ट कोणती, जी डी१ मध्ये खरोखर नाही? आपल्या उदाहरणात प्रमाणे गेली, उरला फक्त मिसळण्याचा क्रम. डी१ ने तिन्ही एकदम टाकले. आपण आधी पीबीएटीशी चेन एक्स्टेंडर जोडला. यापुढचे सगळे उत्तर याच एका गोष्टीवर उभे राहणार.

## टप्पा ४: मोजमापाची भाषा

क्लेममध्ये गुणधर्माचा आकडा असेल, तर तो कसा मोजला हे स्पेसिफिकेशनमध्ये आहे का ते आत्ताच पाहा.

'रेणुभार ५ ते ९ किलोडाल्टन' या एका शब्दप्रयोगाने काय होते ते अमेरिकेतल्या तेवा विरुद्ध सँडोझ खटल्यात दिसले. औषध होते कोपॅक्सोन, म्हणजे एक कोपॉलिमर. रेणुभार म्हणजे संख्या-सरासरी, भार-सरासरी की आलेखाच्या शिखराचा, हे क्लेममध्ये नव्हते. प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आले आणि क्लेम अस्पष्ट ठरले. त्याच वर्षी डाऊ विरुद्ध नोव्हा खटल्यात पॉलिएथिलिनच्या क्लेमचे तेच झाले: ताणाच्या आलेखाचा उतार एकाहून जास्त पद्धतींनी काढता येत होता आणि प्रत्येक पद्धतीने उत्तर वेगळे यायचे. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत. पण कलम १०(५) खालचा 'स्पष्ट नाही' हा आक्षेप नेमका याच दुखण्यावर बोट ठेवतो.

प्रत्येक आकड्यासाठी हे पाहून घ्या:

जीपीसी असेल तर सॉल्व्हंट, तापमान, आणि पॉलिस्टायरीनच्या प्रमाणनमुन्यांवरून काढलेला आकडा की प्रकाश-विकिरणाने थेट मोजलेला. मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळलेला पॉलिमर किती सहज वाहतो तो आकडा) असेल तर तापमान आणि वजन. पॉलिएथिलिनला १९०° से. व २.१६ किलो, पॉलिप्रॉपिलीनला २३०° से. व २.१६ किलो ही नेहमीची जोडी, पण न लिहिता गृहीत धरू नका. टीजी (कडक पॉलिमर मऊ होऊ लागण्याचे तापमान) असेल तर डीएससीचा तापवण्याचा वेग आणि पहिली की दुसरी फेरी. फिल्मची टिअर स्ट्रेंथ असेल तर मशीनच्या दिशेने की आडवी, आणि फिल्म किती जाडीची.

पद्धत लिहायची राहून गेली असेल तर ती आता स्पेसिफिकेशनमध्ये घुसडता येणार नाही. मग दोनच रस्ते उरतात. त्या काळी त्या क्षेत्रात एकच प्रमाणित पद्धत चालत होती हे कागदोपत्री दाखवा, नाहीतर तो आकडा क्लेममधून काढून दुसऱ्या, नीट मोजलेल्या गोष्टीवर उभे राहा. दुसरा रस्ता अर्जदारांना आवडत नाही, पण बहुतेक वेळा तोच बरा.

रिकाम्या चौकोनाचे काय? डी१ मध्ये टिअर स्ट्रेंथ दिलेलीच नाही, म्हणून 'आमचा आकडा नवा' असे म्हणता येत नाही. तेच घटक, तीच कृती असेल तर गुणधर्मही तोच असणार, असे एक्झामिनर, म्हणजे अहवाल तयार करणारा तपासनीस, गृहीत धरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, तुमच्याकडे आहे. डी१ चे उदाहरण ३ जसेच्या तसे करून पाहा आणि मोजा.

## टप्पा ५: प्रयोग असे मांडा की उत्तर टाळता येणार नाही

'आमचा नमुना विरुद्ध बाजारातली पिशवी' ही तुलना निरुपयोगी आहे. बाजारातली पिशवी डी१ नव्हे. तुलना सर्वांत जवळच्या दाखल्याशी हवी आणि फरक एकाच गोष्टीचा हवा.

आपल्या उदाहरणात किमान सहा नमुने लागतील:

१. पीएलए + पीबीएटी, चेन एक्स्टेंडरशिवाय
२. पीएलए + चेन एक्स्टेंडर
३. पीबीएटी + चेन एक्स्टेंडर
४. तिन्ही एकदम, डी१ प्रमाणे
५. आधी पीएलए + चेन एक्स्टेंडर, मग पीबीएटी, म्हणजे उलटा क्रम
६. आपली पद्धत

पाचवा नमुना जवळजवळ सगळे विसरतात. पण क्रमाला महत्त्व आहे हे सिद्ध करणारा तोच. सहाव्याचा आकडा चौथ्यापेक्षा चांगला आला तर एक्झामिनर म्हणेल, 'दोन वेळा वितळवले म्हणून नीट मिसळले असेल.' पाचव्यातही दोनदाच वितळवले आहे. तरीही सहावा पुढे असेल तर ती पळवाट बंद.

पहिले तीन नमुने कलम ३(ई) साठी. एकेका जोडीने किती फरक पडतो आणि तिन्ही एकत्र आल्यावर त्याहून जास्त काय मिळते, हे त्यांच्याशिवाय दाखवता येत नाही. 'सहक्रिया आहे' असे वाक्य लिहून सहक्रिया सिद्ध होत नाही.

टोकांचेही नमुने घ्या: चेन एक्स्टेंडर ०.२ आणि १.० टक्के, पीएलए ६० आणि ७५ टक्के. परिणाम फक्त ०.५ टक्क्याला दिसत असेल, तर संपूर्ण ०.२–१.० वर हक्क सांगणे टिकत नाही.

सावधान: पीएलए ओलाव्याने तुटते. एक बॅच नीट वाळवलेली आणि दुसरी गोणीतून थेट हॉपरमध्ये, असे झाले तर तुमचा सगळा फरक पाण्याचा निघेल. सहाही नमुने एकाच लॉटमधून, एकाच वाळवणीने, एकाच मशीनवर, एकाच जाडीचे करा. चाचणीपूर्वी २३° से. आणि ५० टक्के आर्द्रतेला ठेवा. प्रत्येक आकड्याबरोबर नमुन्यांची संख्या आणि विचलन द्या. १० टक्क्यांची वाढ आणि १५ टक्क्यांचे विचलन असेल तर तो तक्ता पाठवूच नका.

निकाल शपथपत्राने द्या, आणि ते प्रयोग करणाऱ्यानेच करावे. संचालकांनी सही केलेल्या शपथपत्रावर 'वाळवणी किती तास?' असा प्रश्न आला की शांतता पसरते. एक मर्यादाही लक्षात ठेवा: नव्या आकड्यांनी स्पेसिफिकेशनमध्ये आधीच सांगितलेल्या परिणामाला बळ मिळते. मूळ वर्णनात टिअर स्ट्रेंथचा उल्लेखच नसेल आणि आता तोच मुख्य गुण म्हणून पुढे केला, तर तो पुरावा लंगडा पडतो.

## टप्पा ६: आता क्लेम लिहा

आकडे हातात आल्यावरच. कलम ५९ दोन गोष्टी मागते: बदल मूळ स्पेसिफिकेशनमध्ये सांगितलेल्या मजकुरातूनच यावा, आणि नवा क्लेम जुन्या क्लेमच्या कक्षेत पूर्ण बसावा. म्हणजे आवळता येते, सैल करता येत नाही.

आपल्या उदाहरणात मिश्रण डी१ मध्ये सापडलेच. 'अमुक कृतीने मिळणारे मिश्रण' असे लिहिल्याने जुने मिश्रण नवे होत नाही. वस्तू स्वतः नवी हवी. तेव्हा सरळ कृतीचा क्लेम करणे शहाणपणाचे: पहिला टप्पा पीबीएटी व चेन एक्स्टेंडर, दुसरा टप्पा पीएलए, तापमानांसह. असा बदल चालतो का? दिल्ली उच्च न्यायालयापुढे निप्पॉन ए अँड एल विरुद्ध कंट्रोलर या २०२२ च्या प्रकरणात कोपॉलिमर लॅटेक्सचाच अर्ज होता. कृतीने वर्णन केलेल्या वस्तूचे क्लेम अर्जदाराने कृतीच्या क्लेममध्ये बदलले, कंट्रोलरने कलम ५९ दाखवून ते नाकारले आणि न्यायालयाने बदल मान्य केला, कारण त्याने कक्षा आकुंचन पावत होती. पण तिथे कृती मूळ क्लेममध्येच होती. मूळ क्लेम निव्वळ मिश्रणाचा असेल तर हा निकाल इतक्या सहज लागू होणार नाही.

क्लेम ९, म्हणजे 'उपयोग', काढून टाका. आपल्या कायद्यात शोध म्हणजे वस्तू किंवा कृती. उपयोगाच्या क्लेमसाठी भांडण्यात सुनावणीचा वेळ फक्त वाया जातो. 'पिशवी बनवण्याची कृती', त्यातल्या टप्प्यांसह, मूळ क्लेमच्या कक्षेत बसत असेल तर विचार करता येईल.

आता बेरीज. टक्क्यांच्या मर्यादा आवळताना लोक एकेक ओळ आवळतात आणि एकूण पाहत नाहीत. समजा, टाल्क वगळून आणि क्लेम 'फक्त या तीन घटकांचा' करून मर्यादा अशा ठेवल्या: पीएलए ६०–७०, पीबीएटी २०–२५, चेन एक्स्टेंडर ०.२–१.०. सगळे कमाल घेतले तरी ९६. असे मिश्रण जगात होऊच शकत नाही, आणि एक्झामिनरला हे एका नजरेत दिसते.

तपासा: प्रत्येक घटकाची कमाल मर्यादा अधिक इतरांच्या किमान मर्यादा, ही बेरीज १०० च्या वर जाता कामा नये. प्रत्येकाची किमान अधिक इतरांच्या कमाल, ही १०० च्या खाली येता कामा नये.

'सुमारे', 'योग्य प्रमाणात', 'आणि त्याची डेरिव्हेटिव्ह' हे शब्द शोधून काढा. 'कोपॉलिमर' लिहिले असेल तर रँडम की ब्लॉक? वर्णनात दोन्ही असतील तर ठीक, एकच असेल तर तेच लिहा. नव्या क्लेमच्या प्रत्येक शब्दासमोर मूळ स्पेसिफिकेशनचे पान आणि ओळ पेन्सिलने मांडा. जिथे पान सापडत नाही तो शब्द जातो.

एकाहून जास्त शोधांचा आक्षेप असेल, तर वगळलेला भाग कलम १६ खाली विभाजित अर्जात नेता येतो. त्याची सोय मूळ अर्जावर निर्णय येण्यापूर्वी करा.

## टप्पा ७: उत्तराचा मजकूर

अहवालाचाच क्रम आणि क्रमांक वापरा. सुरुवातीला बदललेले क्लेम, जुन्या-नव्याची खूण केलेली प्रत आणि प्रत्येक बदलाचा आधार.

नावीन्याला चार ओळी पुरतात: डी१ मध्ये दोन टप्प्यांचा क्रम नाही, परिच्छेद अमुक पाहा. इन्व्हेंटिव्ह स्टेपला जागा द्या. दिल्ली उच्च न्यायालयाने रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात २०१५ मध्ये घालून दिलेल्या पायऱ्या इथे उपयोगी पडतात: त्या क्षेत्रातला जाणकार कोण, शोधाचा गाभा काय, त्या तारखेला सर्वसाधारण ज्ञान किती, फरक कोणता, आणि मागाहूनच्या शहाणपणाशिवाय तो फरक सुचला असता का. डी२ मध्ये चेन एक्स्टेंडर आहे हे मान्य करा. नाकारून काही हाती लागत नाही. विचारायचे एवढेच: आधी पीबीएटीशीच जोडावा, असे डी२ मध्ये कुठे सुचवले आहे? मग तक्ता, आणि त्यातला पाचवा नमुना.

'स्वस्त पडते' हा मुद्दा एकटा पाठवू नका. आर्थिक महत्त्व व्याख्येत आहे खरे, पण ते दाखवल्यावरही 'सहज सुचण्याजोगे नाही' हे सिद्ध करावेच लागते.

कलम ३(डी) ला वेगळे उत्तर. नोव्हार्टिस निकालात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने परिणामकारकता वस्तूच्या कार्यावर, उपयोगावर किंवा हेतूवर ठरते असे म्हटले. औषधाला ती उपचारातली. पिशवीच्या फिल्मला कोणती? फाटण्याला होणारा विरोध. तो आकडा दाखवा. नुसता पांढरेपणा किंवा चकाकी वाढली असेल तर ती पिशवीच्या कामाची कशी, हे तुम्हालाच सांगावे लागेल.

## टप्पा ८: सुनावणी

सुनावणीच्या नोटिशीत नवा आक्षेप किंवा नवा दाखला असू शकतो. 'तेच जुने असेल' म्हणून शेवटच्या दिवशी उघडू नका. तारीख पुढे ढकलायची असेल तर किमान तीन दिवस आधी कारणासह मागा. जास्तीत जास्त दोनदा मिळते, प्रत्येक वेळी ३० दिवसांपर्यंत.

प्रयोग करणारा माणूस व्हिडिओवर हजर ठेवा. तक्ता एका पानावर आणा. बोलताना क्लेम आणखी आवळायची तयारी ठेवा, पण कुठपर्यंत ते आधी ठरवा आणि पर्यायी क्लेमसंच लिहून ठेवा. कंट्रोलरसमोर बसून टक्के बदलणाऱ्यांची बेरीज नेहमी चुकते.

सुनावणीनंतर लेखी निवेदनाला १५ दिवस असतात. जे बोललात ते सगळे त्यात आणा, पर्यायी क्लेमसंचासह. फक्त तोंडी मांडलेला मुद्दा आदेशात उतरेल याचा भरवसा नाही.

## टप्पा ९: तरीही नामंजूर झाला तर

कलम १५ खालचा आदेश आला की पहिल्यांदा हे शोधा: तुमच्या सहा नमुन्यांबद्दल त्यात काही म्हटले आहे का? अॅग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की, इन्व्हेंटिव्ह स्टेप नाकारताना दाखल्यात काय होते, अर्जात काय आहे आणि एकातून दुसरे कसे सहज सुचते, या तिन्हींचा विचार आदेशात दिसायला हवा. 'डी१ व डी२ पाहता स्पष्ट आहे' एवढ्यावर संपलेला आदेश अपिलात कमजोर ठरतो. प्रयोगांचा नीट विचार करून दिलेला आदेश पाडणे अवघड; तिथे खर्चाचा आधी विचार करा.

फेरविचार अर्ज फॉर्म २४ ने, निर्णय कळल्यापासून एका महिन्यात. तो नोंदीतली उघड चूक किंवा तशा कारणासाठी आहे. तोच युक्तिवाद पुन्हा करण्यासाठी नाही. अपील कलम ११७ए खाली, तीन महिन्यांत. अपील मंडळ २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून ते उच्च न्यायालयात जाते; मुंबईच्या अँटॉप हिल कार्यालयातल्या अर्जांसाठी मुंबई उच्च न्यायालयात. अपिलाच्या कागदपत्रांत शपथपत्राची प्रत, १५ दिवसांतल्या निवेदनाची पोच आणि सुनावणीची नोटीस पहिल्या पानांत लावा. आदेशात नोटिशीत नसलेला एखादा दाखला वापरला असेल, तर तो मुद्दा याच कागदांवरून दाखवता येतो.